कल्पित जगातला खलाशांचा संघ आणि त्याचं आरमार : नव्या लेखकांसाठी पायरीपायरीने

राजाचं आरमार आणि खलाशांच्या संघाचं आरमार यांत एक मोठा फरक असतो. तो नीट समजला की तुमचं अर्धं जग आपोआप उभं राहतं. राजा शेतसाऱ्यावर आरमार पोसतो, त्यामुळे युद्ध नसलं तरी त्याची जहाजं बंदरात उभी राहू शकतात. संघाला हे परवडत नाही. संघाचं प्रत्येक गलबत कोणाच्या तरी पोटापाण्याचं असतं. ते लढाईला निघालं म्हणजे त्या मोसमातल्या खेपा बुडाल्या, आणि बुडालेल्या खेपांचा हिशोब कोणाला तरी द्यावाच लागतो. म्हणून संघाच्या सभेत युद्धाचा विषय निघतो तेव्हा पहिला प्रश्न खर्चाचा येतो. शौर्याच्या गोष्टी त्यानंतर.

मराठीत कल्पित जगाच्या कथा लिहिणारी आणि मित्रमंडळींबरोबर फासे टाकून भूमिका-खेळ खेळणारी नवी मंडळी वाढत आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र त्यांच्या नकाशांत समुद्र बहुतेक वेळा कडेच्या निळ्या पट्टीपुरताच उरतो. गोव्यात राहणाऱ्या माणसाला ते फार खटकतं, कारण इथे खाडी, जेटी, फेरीबोट आणि भरतीचं वेळापत्रक रोजच्या जगण्यात आहे. म्हणून इथली उदाहरणं घेऊन सांगते. पायऱ्या क्रमानेच चढा, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर टेकलेली आहे. सोबत नमुन्यासाठी एक काल्पनिक संघ घेऊ : निळखाडी नावाच्या बंदरातली ‘नांगरसभा’.

पहिली पायरी : आधी पाणी आखा

बंदराला नाव देण्याआधी त्याचं मुख कसं आहे ते ठरवा. मांडवी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा साचतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्याने लाटा त्या दांड्यावर फुटायला लागल्या की शिडाच्या जहाजाला आत-बाहेर करणं जवळपास अशक्य व्हायचं. अशा वेळी पोर्तुगीज जहाजं मुरगावचा, म्हणजे झुआरीच्या मुखाचा आसरा घ्यायची. दोन नद्या शेजारी शेजारी, मधून कुंभारजुव्याचा फाटा दोघींना जोडणारा, आणि तरी एकीचं दार पावसाळ्यात बंद तर दुसरीचं उघडं. अशी जोडी तुमच्या नकाशावर असेल तर कथानकाला निम्मं बळ तिथेच मिळतं.

या वाळूची ताकद किती, हे १५१० साली दिसलं. पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने वर्षाच्या सुरुवातीला होनावरच्या तिमोजाच्या मदतीने गोवा घेतलं. मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला शहरातून हुसकावलं. तो जहाजांवर चढला खरा, पण तोवर पावसाळा लागला होता. समोर खवळलेलं मुख आणि दोन्ही काठांवर शत्रू, अशा अवस्थेत त्याचा ताफा ऑगस्टपर्यंत मांडवीत अडकून पडला. अन्न संपलं, उंदीर खाण्याची पाळी आली. पाऊस ओसरल्यावर तो निसटला आणि २५ नोव्हेंबरला परत येऊन त्याने शहर जिंकलं. या गोष्टीत सगळ्यांत बलवान पात्र मोसम आहे. तुमच्या जगातही त्याला तेवढा मान द्या.

आता कागद घ्या आणि बंदराच्या मुखाशी भरतीला किती पाणी असतं, ओहोटीला किती उरतं, कोणते महिने दार बंद असतं आणि वारा कधी कुठून येतो, एवढं लिहून काढा. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत मतलई वारे जमिनीकडून वाहतात. म्हणजे शिडाचं गलबत पहाटे सहज बाहेर पडतं आणि दुपारनंतर सहज आत येतं. तुमचा नायक भर दुपारी घाईघाईने पळून जायला निघाला, तर वारा त्याच्या तोंडावर आहे हे लक्षात ठेवा. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती कमी चढते.

कल्पित जगात इथेच खरी मजा करता येते. निळखाडीच्या आकाशात दोन चंद्र आहेत, थोरला आणि धाकटा. दोघे एका रेषेत आले की ‘जोडउधाण’ येतं आणि ऐन पावसाळ्यातसुद्धा वाळूच्या दांड्यावरून भरलेलं गलबत काही घटका जाऊ शकतं. राजाच्या ज्योतिष्यांना चंद्रांचं गणित येतं, पण वाळू दरवर्षी कुठे सरकते हे त्यांना माहीत नसतं. ते फक्त दोरीला शिसं बांधून वर्षभर तळ मोजणाऱ्या आरकाट्यांना, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्यांना ठाऊक. गणित आणि वाळू या दोन्ही गोष्टी ज्या वहीत एकत्र आहेत ते नांगरसभेचं पंचांग. संघाची सत्ता या वहीत आहे. तोफा नंतर येतात.

दुसरी पायरी : संघ का जन्मला?

‘व्यापाऱ्यांच्या जुलुमाविरुद्ध खलाशी एकत्र आले’ एवढ्यावर थांबू नका. कोण बुडालं आणि त्याच्या बायकोला पैसे कोणी दिले, असा नेमका प्रश्न विचारा.

गोव्याच्या दर्यावर्द्यांनी याचं एक सुंदर उत्तर प्रत्यक्ष जगून दाखवलं आहे. बोटीवर नोकरी करणारे गोंयकार जहाज धरायला मुंबईला जात. तिथे धोबीतलावच्या परिसरात गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावाचा ‘कूड’ थाटला. म्हणजे एखाद्या इमारतीतला मोठा दालनवजा खोल्यांचा भाग. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, एका बाजूला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचं तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. भाडं अगदी माफक. जहाज मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर, कुठल्या कंपनीत भरती चालू आहे याची बातमी, आणि परत आल्यावर पेटी जागच्या जागी सापडेल याची खात्री. कोणताही जाहीरनामा न काढता उभा राहिलेला हा खलाशांचा संघच होता. तुमच्या संघालाही असं घर द्या. कोणाची पेटी कुठे, कोणाची जागा दाराजवळ आणि कोणाची खिडकीपाशी, यावरून वाचकाला अख्खी उतरंड कळेल.

पैशाचं उत्तरही इथल्या जुन्या इतिहासात सापडतं. अकराव्या शतकातल्या कदंब राजा जयकेशी पहिला याच्या ताम्रपटात एका अरबी वंशाच्या व्यापारी घराण्याचा उल्लेख आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून ठरावीक रक्कम घ्यायची आणि तिच्यातून धर्मादाय काम चालवायचं, अशी ती व्यवस्था. त्याच घराण्यातल्या पूर्वजाने, डोलकाठी मोडून संकटात सापडलेल्या कदंब राजाला मदत केली होती, अशी हकिकत सांगितली जाते. संकटात केलेली मदत, तिच्या बदल्यात मिळालेला हक्क आणि त्या हक्कातून निघालेला कायमचा निधी ही साखळी कोणत्याही संघाच्या जन्मकथेला शोभेल.

नांगरसभेची जन्मकथा मी अशी बांधली. खाडीच्या मुखावरचा दिवा एका सरदाराच्या ताब्यात होता आणि तो पैसे घेऊन दिवा लावायचा. एका वादळी रात्री मिठाने भरलेली गलबतं बाहेर उभी होती, त्यांच्याकडून निरोप आला की पैसे उद्या देतो. दिवा लागला नाही. त्यानंतर विधवांनी आणि उरलेल्या तांडेलांनी, म्हणजे खलाशांच्या मुकादमांनी, वर्गणी काढून पहिली वस्तू विकत घेतली ती दिव्याचं तेल. आजही नांगरसभेच्या शपथेत पहिलं वाक्य आहे, ‘दिवा कोणासाठीही विझवणार नाही.’ हे वाक्य पुढे युद्धात किती अडचणीचं ठरेल ते पाहा. शत्रूचं आरमार रात्री येतं आहे, आणि दिवा विझवला तर ते खडकावर आपटेल, असा प्रसंग आला की संघ दुभंगतो. शपथ अशीच निवडा, जी पाळताना पुढे किंमत मोजावी लागेल.

तिसरी पायरी : माणसं आणि हुद्दे

परक्या शब्दांची गरज नाही, आपल्याकडे सगळे शब्द आहेत. जहाजाचा मालक किंवा कप्तान तो नाखवा. खलाशांचा मुकादम तांडेल, त्याच्या वरचा सारंग. सुकाणू धरणारा, वाट दाखवणारा आरकाटी, शिधा सांभाळणारा, फळ्यांतल्या फटी काथ्याने आणि राळेने बुजवणारा, आणि खाली वल्हेकरी. एका गलबतासाठी एवढी माणसं पुरेत. प्रत्येकाला एक काम असं द्या, जे दुसऱ्याला येत नाही.

लिहिण्याआधी शक्य असेल तर मालीमच्या जेटीवर जाऊन बसा, पणजीच्या समोरच पलीकडच्या काठावर. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले असतात, वर निळी ताडपत्री, आणि तिच्याखाली माणसं जाळी पसरून बसलेली. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरतात, एका हाताने फाटकं घर चाचपतात आणि दुसऱ्या हाताने सुई फिरवतात. नजर बऱ्याचदा हातावर नसतेच, गप्पा चालू असतात. गप्पांमध्ये कोकणी असते, उडिया असते, हिंदी असते, कारण आज गोव्यातल्या ट्रॉलरांवर ओडिशा, झारखंड, कर्नाटक अशा दूरदूरच्या राज्यांतून आलेले खलाशी मोठ्या संख्येने काम करतात.

ही गोष्ट नव्या लेखकांच्या संघात मला जवळजवळ कधीच दिसत नाही. त्यांचे सगळे खलाशी एकाच बेटावरचे, एकाच देवाचे. खऱ्या बंदरात तसं नसतं. नांगरसभेत खाडीकाठची जुनी घराणी आहेत, आणि डोंगरापलीकडच्या दुष्काळी मुलखातून आलेले वल्हेकरी आहेत. वल्हेकऱ्यांना पगार मिळतो, सभेत मत मिळत नाही. लढाईत मात्र पहिल्या रांगेत तेच बसतात. या एका अन्यायावर तुमची अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

बायकांना किनाऱ्यावर वाट बघत उभं करू नका. बाजारात मासळी आणि मीठ विकणाऱ्या बायकांच्या हातात रोख पैसा असतो, मोसमाआधी जाळ्याला, शिडाला कर्ज त्याच देतात. नांगरसभेची खजिनदार नेहमी बाजारातली बाई असते. आणि समुद्रावर जाणाऱ्या बायका हव्या असतील तर कारण शोधत बसायला नको. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून गोव्याहूनच निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला गोव्यालाच परतल्या. ती बोटही गोव्यातच बांधलेली.

चौथी पायरी : जहाजं

जहाजांचे तीन प्रकार खूप झाले : लढाऊ, मालवाहू आणि लहान धावती होडी. मराठा आरमाराची रचना इथे फार उपयोगी आहे. गुराब हे दोन-तीन डोलकाठ्यांचं, पुढे लांब नाळ, म्हणजे टोक, काढलेलं, तोफा वाहणारं जहाज. गलबत लहान, शीड असलं तरी वल्ह्यांवरही चालणारं. दोन्ही उथळ पाण्यात जाणारी, म्हणजे खाडीत शिरणारी. मोठं परदेशी जहाज खोल समुद्रात दादागिरी करेल, पण गलबताच्या मागे खाडीत गेलं तर वाळूत रुतेल. नव्या लेखकांना शंभर तोफांच्या महाकाय जहाजाचा मोह होतो. तुमच्या संघाचं बंदर उथळ असेल तर ते जहाज उभं कुठे राहणार, हे आधी विचारा. पहिल्या पायरीवरचा कागद काढा, उत्तर तिथे आहे.

लाकूड कुठून येतं हा प्रश्न टाळू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात जहाजासाठी साग वगैरे झाडं तोडावीत, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत, असं बजावलं आहे, कारण ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. एका आरमारामागे किती परसबागा असतात हे या एका सूचनेतून कळतं. तुमच्या संघाने कोणाच्या परसातलं झाड तोडलं आणि त्या घरातल्या पोराने पुढे काय केलं, यातून खलनायक जन्माला घालता येईल.

जहाज बांधायला वेळ लागतो. मांडवीतल्या दिवाडी बेटावर अलीकडे ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज तयार झालं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून त्याचा आराखडा घेतला, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये काम सुरू झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरलं आणि मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली ही शिवण झाली. आजच्या काळात, सरकारी पाठबळ असताना, दीड वर्ष. मग तुमच्या कथेत आरमार एका महिन्यात दुप्पट होत असेल तर वाचक हसेल.

शिवलेल्या जहाजाचा कल्पित जगात आणखी एक उपयोग आहे. अशा जहाजाचं अंग थोडं लवचीक असतं, वाळूवर टेकलं तरी धक्का सोसतं. ज्या बंदराच्या मुखावर वाळूचा दांडा आहे तिथे हे वरदानच. मात्र दोऱ्यांची देखभाल सतत करावी लागते, तेल चोपडावं लागतं, कुजलेली शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. शिवण घालणारे कारागीर संपावर गेले तर नांगरसभेचं आरमार पुढच्या मोसमाला निघूच शकत नाही.

पाचवी पायरी : पैसा आणि परवाना

समुद्रावर सत्ता म्हणजे शेवटी कोणाचा कागद चालतो हे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात कार्ताझ नावाचा परवाना सुरू केला. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, माणसं आणि हत्यारं किती, जाणार कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं. हा कागद नसलेलं जहाज सापडलं की माल जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली आणि कोकण किनाऱ्यावर कोणाचा परवाना मोठा यावरून वर्षानुवर्षं संघर्ष चालला. कागद देणारा म्हणतो मी संरक्षण देतो, घेणारा म्हणतो ही खंडणी आहे, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं. तुमचा संघही असा कागद देत असेल तर वाचकाला दोन्ही बाजू दाखवा.

खर्चाचा साधा हिशोब एकदा तरी करा. माणसाला पिण्याला आणि शिजवायला मिळून दिवसाला ४ लिटर पाणी धरा. ४० माणसं, २० दिवस : ३,२०० लिटर, म्हणजे तीन टनांहून जास्त वजन नुसत्या पाण्याचं. लहान गलबतावर ते ठेवणार कुठे? म्हणून किनाऱ्यावरचं गोडं पाणी हा लष्करी प्रश्न होतो. १६१२ साली पूर्ण झालेल्या आग्वाद किल्ल्यात पाण्याचं प्रचंड टाकं आहे, ये-जा करणारी जहाजं तिथे पाणी भरून घ्यायची. किल्ल्यात गेलात तर तटावरून फोटो काढून परत फिरू नका, टाक्याचे खांब बघा. ज्याच्याकडे हे टाकं, त्याच्याकडे समोरचा समुद्र. तुमच्या नकाशावर अशी टाकी दोन-तीनच ठेवा आणि ती कोणाच्या ताब्यात आहेत ते ठरवा.

अंतरांचाही असाच हिशोब. बरा वारा असताना शिडाचं जहाज ताशी ८-९ किलोमीटर चालेल असं धरलं तर दिवसरात्र मिळून सुमारे २०० किलोमीटर. गोवा ते मुंबई समुद्रमार्गे साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे अनुकूल वाऱ्यात दोन दिवस. वारा पडला तर कितीही.

सहावी पायरी : आता आरमार

इतकं झाल्यावरच लढाऊ ताफा बांधा. आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबतं असा एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी, करावा, असं म्हटलं आहे. हे प्रमाण नव्या लेखकाने जसंच्या तसं घ्यावं. वीस जहाजं वाचकाच्या डोक्यात मावतात, त्यांतल्या पाच-सहांना स्वभाव देता येतो.

नांगरसभेत लढाऊ जहाजं वेगळी नाहीत. दर मोसमाला प्रत्येक नाखव्याची चिठ्ठी टाकली जाते आणि ज्याची निघेल त्याने आपलं गलबत वर्षभर गस्तीला द्यायचं. त्याच्या बुडालेल्या खेपांची भरपाई बाकीचे वाटून घेतात. श्रीमंत नाखवे पैसे भरून सुटका मागतात. ती द्यायची की नाही, यावर सभेत दरवर्षी भांडण. एकदा सुटका दिली की हळूहळू आरमारात फक्त गरिबांची गलबतं उरतात, आणि ती सडलेली असतात. हे पडझडीचं कारण मला ड्रॅगनच्या हल्ल्यापेक्षा कितीतरी खरं वाटतं.

लढाई लिहिताना वारा विसरू नका. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर मराठे किल्ला बांधत होते, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी वेढा घातला. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री, वारा पडलेला असताना, वल्ही मारत त्यांच्यामधून निसटत आणि बेटावर सामान पोहोचवत. मोठं जहाज वाऱ्याविना जागचं हलत नाही. वल्ह्यांवर चालणारी गलबतं अशा वेळी त्याच्या मागच्या बाजूने येतात, जिथे तोफा सगळ्यांत कमी असतात. एक चांगली समुद्री लढाई लिहायला एवढं पुरेसं आहे : वारा आहे तोवर शत्रू वरचढ, वारा पडला की आपण, आणि पुन्हा वारा सुटायच्या आत काम आटपायचं.

जुने गोवे इथल्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंब काळातले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आहेत, त्यांत जहाजावरच्या लढाईचे देखावे कोरलेले आहेत. त्यांच्यासमोर थोडा वेळ उभे राहा. खालच्या पट्टीत नाव आणि माणसं दाटीवाटीने, वरच्या पट्टीत तोच वीर स्वर्गात. शिल्पकाराला जहाजाची लांबी दगडात बसवायची होती, म्हणून माणसं जहाजाच्या मानाने मोठी झाली आहेत. खांद्याला खांदा लागलेली ती गर्दी हाच सागरी लढाईचा अनुभव असतो. मोकळ्या डेकवर ऐसपैस तलवारबाजी गलबतावर होत नाही.

पावसाळ्याचे महिने आरमार काय करतं तेही लिहा. जहाजं किनाऱ्यावर ओढून घ्यायची, शाकारायची, तळ खरवडायचा. शेकडो रिकामी, उधार पिणारी, जुनी भांडणं आठवणारी माणसं एका गावात चार महिने. दरवर्षी एकाच गावावर हा भार पडू नये म्हणून छावणीचं बंदर बदलत ठेवा. मग कोणत्या गावाची पाळी यावरून कथा मिळते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मोसम उघडायची आपली रीत आहे, तुमच्या जगातही मोसम उघडण्याचा एक विधी असू द्या, आणि तो उशिरा झाला तर कोणाचं नुकसान होतं तेही ठरवा.

सातवी पायरी : जादू, थोडीच

वाऱ्यावर ताबा असलेला एक मांत्रिक आणलात तर वरच्या सहाही पायऱ्या कोसळतात. म्हणून जादूला हद्द घाला. निळखाडीत वारा बांधणाऱ्या बायका आहेत. दोरीच्या गाठीत त्या मतलई वारा अडकवून ठेवतात. पण गाठ सुटल्यावर तेवढा वारा पुढच्या पहाटे किनाऱ्याला मिळत नाही, म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी होडी आत अडकते. त्यामुळे प्रत्येक गाठीची नोंद संघाच्या वहीत होते आणि चोरून बांधलेल्या गाठीला चोरीचीच शिक्षा आहे. जादू अशी हिशोबात बसली की ती संघाच्या जगात मुरते.

समुद्री राक्षस हवा असेल तर त्याला मोसम द्या, खाद्य द्या, अंडी घालायची जागा द्या. ती जागा नेमकी खाडीच्या मुखाशी असेल तर उत्तम.

शेवटची पायरी : लिहायला बसताना

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी संघाच्या वहीचं एक पान लिहा. एका दिवसाचं. नांगरसभेचं माझं पान असं आहे : दिव्याचं तेल, दोन घागरी. उसवलेली शिवण, ‘कमळा’ गलबत, काथ्याची मजुरी बाकी. थोरला चंद्र अष्टमीला, दांड्यावर पाणी दीड पुरुष, वाळू उत्तरेला सरकली. गाठी दिल्या तीन, परत आली एक. वल्हेकरी भिवा याच्या आईला वर्षासन, सभेत हरकत घेतली, हरकत नामंजूर.

या पानातल्या ज्या ओळीपाशी तुम्हाला स्वतःलाच ‘का?’ असा प्रश्न पडेल, तिथून गोष्ट सुरू करा. माझ्या पानात ती ओळ गाठींची आहे : दोन गाठी कोणाकडे राहिल्या? पहिला प्रसंग सभेचाच घ्या. बोलायला आधी खजिनदार उठू दे, मग तांडेल, आणि ज्यांना मत नाही ते वल्हेकरी दाराबाहेर उभे राहून ऐकत असू देत.